कोलंबोचा मक्ता

आमच्या वर्गात प्रबंधाचे विषय वाटून देत नाहीत, त्यांचा लिलाव होतो, हे मला नेदरलँड्समध्ये, युट्रेख्टला आल्यावर महिन्याभराने कळलं. प्राध्यापिकाबाईंनी ते सहज, दप्तर आवरता आवरता सांगितलं. बाकीचे हसले. मी हसले नाही. मी वही उघडून विषयांची यादी पुन्हा वाचायला घेतली.

आधी विषय सांगते. डच व्यापारी कंपन्यांच्या ताब्यात जी परदेशातली शहरं होती, तिथे दारू कुणीही उठून विकू शकत नसे. विकण्याचा हक्क कंपनीचा, आणि कंपनी तो हक्क दर वर्षी लिलावात भाड्याने देई. वाइनचा हक्क एकाला, ब्रँडीचा दुसऱ्याला, अरकाचा, म्हणजे गाळलेल्या कडक दारूचा, तिसऱ्याला. ज्याने मक्ता घेतला, त्याच्याशिवाय गावात कुणी पेलाभरही विकायचा नाही. केपटाउनजवळ द्राक्षं पिकवणाऱ्या शेतकऱ्याने स्वतःच्या मळ्यातली वाइन स्वतःच्या दारात विकली, तरी तो गुन्हेगार. त्याने ती मक्तेदाराला द्यायची, मक्तेदार म्हणेल त्या भावाला. पहिल्याच तासाला बाईंनी हे सांगितलं आणि पुढे म्हणाल्या, "हा करवसुलीचा कंटाळवाणा विषय आहे असं समजून कुणी आलं असेल तर त्याने आजच कोर्स बदलावा. एका शहरात कोण कुणाला काय विकू शकतं, यावरून त्या शहराचा मालक कोण ते कळतं."

मी हे वहीत उतरवून घेतलं नाही. गरजच नव्हती. माझं गाव वेंगुर्ल्याच्या खाली, समुद्राच्या कडेला. माझे बाबा माडाची माडी काढतात. सकाळ-संध्याकाळ माडावर चढायचं, पोय, म्हणजे माडाचा न उमललेला फुलोरा, कापायची, मडक्यात साठलेली माडी उतरवायची. पण ती विकायची मात्र एकाच ठिकाणी, ज्याच्याकडे माडीविक्री केंद्राचं लायसन आहे त्याच्याकडे. अबकारीचे लोक येऊन माडांवर नंबर टाकून जातात. लहानपणी मला वाटायचं, नंबर म्हणजे माडाची शाळेतली हजेरी. संध्याकाळी कुणी शेजारी पेला घेऊन आमच्या अंगणात आला, तर बाबा त्याला पाणी देत, गप्पा मारत, आणि रिकाम्या पेल्यानिशी परत पाठवत. माड आमचा, चढणारे बाबा, आणि विकणारा तिसराच. मला ते कधी विचित्र वाटलं नव्हतं. पाऊस पडतो तसंच तेही असतं, असं वाटायचं. आणि इथे, इतक्या लांब, एक बाई मला सांगत होत्या की हे कुणीतरी ठरवलेलं असतं, त्याला सुरुवात असते, त्याची कागदपत्रं असतात, आणि त्यावर अभ्यास करता येतो.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे वर्गात बोलायची सवय मला नव्हती. प्रश्न मनात तयार व्हायचा, मी त्याचं इंग्रजी करायची, मग ते इंग्रजी तपासायची, तोवर चर्चा दुसरीकडे गेलेली असायची. पण त्या पाचव्या आठवड्यापासून मला एकच गोष्ट हवी होती आणि ती पक्की ठाऊक होती. यादीत नऊ शहरं होती आणि आम्ही नऊ जण. केपटाउन ऊर्फ केप, बाटाव्हिया म्हणजे आजचं जाकार्ता, मलाक्का, पारामारिबो वगैरे. त्यात माडीवर चालणारं शहर एकच होतं, कोलंबो. तिथला अरक माडीपासून व्हायचा. म्हणजे तिथे माडावर चढणारे होते, आणि त्यांची माडी कुणीतरी ठरवलेल्या एकाकडेच जात होती. मला कोलंबो हवं होतं.

लिलाव त्या काळी व्हायचा तसाच व्हायचा होता. प्रत्येकाला पैशांऐवजी पन्नास पन्नास राजमे. आधी बोली चढत जाते, आपल्याकडच्यासारखी. सगळ्यात वरची बोली ज्याची, त्याला एक छोटं बक्षीस. पण शहर अजून त्याचं झालेलं नाही. मग बाई एकदम वरचा आकडा सांगणार आणि खाली खाली येत जाणार. वाटेत जो पहिला "मैन!" म्हणेल, म्हणजे 'माझं', त्याला ते शहर त्या भावात मिळणार. कुणीच बोललं नाही तर पहिल्या फेरीतल्या वरच्या बोलीवाल्याकडे राहणार. मक्ता घेणाऱ्याने लगेच दोन जामीन उभे करायचे. जामीन म्हणजे आमच्या वर्गात त्याने प्रबंधाचा प्रत्येक कच्चा मसुदा वाचायचा, आणि सादरीकरणात मक्ता घेणारा अडला तर उत्तर जामिनाने द्यायचं. एका माणसाला फार तर दोघांसाठीच जामीन राहता येणार. जामीन मिळाले नाहीत तर लिलाव रद्द, शहर पुन्हा बोलीवर, आणि ज्याचा मक्ता मोडला त्याला त्यात बोली लावता येणार नाही. शेवटी ज्याच्याकडे सगळ्यात कमी राजमे उरतील त्याने पहिलं सादरीकरण करायचं, पुढच्याच आठवड्यात.

त्या रात्री मी बाबांना फोन केला.

"बाबा, दारूवरच लिहायचं आहे मला."

"दारूर?" बाबा हसले. "इतक्या लांब जावन? हंय रवली असतस तर मीच शिकवलं असतंय!"

"तसं नाही हो. मक्त्यावर. विकायचा हक्क कुणाला, त्याच्यावर."

बाबांनी विचारलं, "थंय माड आसत?"

"कोलंबोला आहेत. तिथली दारूच माडाची."

"मगे ताच घे," बाबा म्हणाले. जसं काही बाजारात दोन मासे ठेवलेत आणि त्यातला ताजा दिसतोच आहे.

मी ज्यांच्या घरी वरची खोली घेऊन राहते, त्या वहिनी पुण्याच्या. आयटीत आहेत. त्यांची मुलगी माझ्याशी डचमध्ये बोलते आणि मी तिच्याशी मराठीत, आमचं छान चालतं. वहिनींना मी हे सांगितलं तेव्हा त्या पोळ्या लाटत होत्या.

"एक मिनिट," त्या लाटणं थांबवून म्हणाल्या. "दारूच्या दुकानाचा लिलाव. वर्गात. राजमे लावून. आणि याला मास्टर्स म्हणतात?"

"हो."

"आणि मी सहा वर्षं कोडिंग करतेय. मूर्ख आहे मी." मग त्यांनी मला खुर्चीत बसवलं. "बरं, जिंकायचं कसं ते ठरवलंयस का?"

मी ठरवलं होतं. आमच्या गावच्या देवळात जत्रेनंतर पावणी होते. लोकांनी देवाला वाहिलेली केळी, नारळ, भोपळे, फणस यांचा लिलाव. बोली चढते, पुकारणारा प्रत्येकाच्या तोंडाकडे बघतो आणि म्हणतो, एक वार, दोन वार, तीन वार. पण खरी गोष्ट त्याआधीच झालेली असते. ज्याचा नवस असतो, तो आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरतो, यंदाचा घड माझा हं. मग लोक एक-दोन बोल्या लावतात, देवाला कमी पडू नये म्हणून, आणि योग्य जागी गप्प होतात. कुणी ठरवून देत नाही. पण ज्याला खरंच हवं आहे त्याच्या आड येणं बरं दिसत नाही.

"सगळ्यांना आधीच सांगून ठेवणार आहे," मी म्हणाले.

वहिनींना ते एकदम पटलं. "करेक्ट! आमच्या सोसायटीत गणपतीच्या आरतीचा मान असाच ठरायचा. आधी फोन फिरवायचे. मीटिंगमध्ये ठरवायला जो जातो, त्याला काही मिळत नाही."

तर मी सांगत सुटले. मी, जी वर्गात तोंड उघडत नव्हते. कॉफीच्या यंत्राशी, सायकली लावतो तिथे, लायब्ररीच्या जिन्यात. "मला कोलंबो हवंय," असं सुरू करायचं आणि मग थांबताच यायचं नाही. माडीचा अरक कसा होतो, माडी ताजी असताना गोड कशी लागते, उन्हं वर आली की कशी फसफसायला लागते, चढणाऱ्याने एक दिवस खाडा केला तर पोय कशी सुकते. मक्तेदाराला दुकान चालवायला येत असेल, पण माडावर चढता येत नाही, म्हणून त्याचं सगळं चढणाऱ्यावर अवलंबून, आणि चढणाऱ्याला दुसरं गिऱ्हाईक नाही म्हणून त्याचं सगळं मक्तेदारावर. हे सांगताना माझे हात आपोआप हलायचे. मी हे सगळं सांगितलं, पण हे मला कसं माहीत ते कुणाला सांगितलं नाही. लोकांना ते वाचलेलं वाटत होतं आणि मी तसं वाटू दिलं. आपल्या वडिलांबद्दल परक्या भाषेत कसं बोलायचं ते मला समजत नव्हतं, एवढंच.

सगळ्यात मन लावून ऐकायचा तो उत्तरेकडच्या ग्रोनिंगन शहराचा मुलगा. उंच, जिन्यात वाकून उभा राहणारा, दुपारी ब्रेडमध्ये चीज घालून तेच रोज खाणारा. तो प्रश्न विचारायचा. चढणारे एकमेकांची माडी चोरायचे का? मक्तेदार पाणी घालायचा का? मला इतका आनंद व्हायचा! मी घरी येऊन वहिनींना सांगितलं, "एक जण तर पूर्ण आपल्या बाजूने आहे."

लिलावाच्या दिवशी बाईंनी टेबलं गोल लावून घेतली. हातोडा म्हणून लाकडी डाव होता. बक्षीस म्हणून प्रत्येक शहराला स्ट्रूपवाफेलचं एक पाकीट, मध्ये पाक भरलेली ती पातळ गोल बिस्किटं. केपला सगळे तुटून पडले. काय आरडाओरडा! एरवी एकमेकांचं बोलणं शांतपणे पूर्ण होऊ देणारी ही मुलं टेबलांवर थापा मारत होती. केप छत्तिसाला गेलं, बाटाव्हिया चाळिसाला. प्रत्येक वेळी घेणारा उठून म्हणायचा, जामीन कोण? आणि त्याचे मित्र हात वर करायचे. सहा शहरं गेली. त्या सहा जणांनी एकमेकांनाच जामीन राहून आपापला वाटा संपवला. मला कुणी विचारलं नाही. मला त्याचं वाईटही वाटलं नाही, खरंच, कारण माझे पन्नासच्या पन्नास राजमे मुठीत होते आणि माझं शहर अजून यायचं होतं.

आता आम्ही तिघंच उरलो होतो. मी, ग्रोनिंगनचा मुलगा, आणि टिलबर्गहून रोज ट्रेनने येणाऱ्या, माझ्या आईच्या वयाच्या एक बाई. नोकरी सोडून त्या शिकायला आल्या होत्या, आणि त्यांना मी नावाने हाक मारावी असा त्यांचा आग्रह होता, जो मला जमत नसल्याने मी त्यांना कशानेच हाक मारत नसे. शहरं उरली होती कोलंबो, मलाक्का आणि पारामारिबो.

"कोलंबो!" प्राध्यापिकाबाई म्हणाल्या आणि डाव आपटला.

माझी बोली पहिली. पाच. मुलगा म्हणाला आठ. मी दहा. तो पंधरा. माझ्या मनात आलं, बरोबर आहे, देवाला कमी पडायला नको. मी वीस म्हणाले आणि तो हसून मागे टेकला. टिलबर्गच्या बाई गप्पच होत्या. स्ट्रूपवाफेलचं पाकीट माझ्यासमोर आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला वाटलं, झालं. बघा, कळतं लोकांना.

मग बाईंनी पन्नासापासून उतरायला सुरुवात केली. पन्नास. एकोणपन्नास. अठ्ठेचाळीस. नियम मला तोंडपाठ होता. या पद्धतीबद्दल मी इतकं वाचलं होतं की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण वाचलेलं डोक्यात होतं आणि पावणी माझ्या अंगात होती. मी वाट बघत होते, बाई आता माझ्या तोंडाकडे बघतील. एक वार म्हणतील. बाई कुणाकडेच बघत नव्हत्या. त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत एकसुरात आकडे म्हणत होत्या. पस्तीस. चौतीस. तेहेतीस.

"मैन!"

ग्रोनिंगनचा मुलगा उभा होता. त्याचा हात वर होता आणि तोंडभर हसू.

वर्ग खूश झाला. मी खूश झाल्यासारखा चेहरा केला. तो माझ्याकडे वळून अगदी मनापासून म्हणाला, "सॉरी! पण तू इतकं सुंदर सांगितलंस ना, की मला दुसरं काही सुचेचना. तू नसतीस तर मी मलाक्का घेणार होतो."

म्हणजे माझा विषय मीच त्याला विकला होता. तोही फुकट, कॉफीच्या यंत्रापाशी उभं राहून.

"जामीन?" बाईंनी विचारलं.

त्याने गोलावर नजर फिरवली. सहाही जणांचे वाटे संपले होते. राहिलो होतो आम्ही दोघी. टिलबर्गच्या बाईंनी खांदे उडवले आणि म्हणाल्या, "मी राहते." मग तो माझ्याकडे बघायला लागला. "आणि तू. तू तर हवीसच! सगळं तुलाच माहीत आहे. मी लिहीन, तू वाचशील. मस्त होईल."

तो वाईट नव्हता. त्याला खरंच मस्त होईल असं वाटत होतं. आमच्याकडे कुणी चारचौघांत जामीन राहशील का म्हणून विचारलं तर नाही म्हणण्याचा प्रश्नच नसतो. तोंडावर नाही म्हणणं म्हणजे त्या माणसाशी कायमचं तुटणं. त्यातून माझं डोकं वेगाने चालत होतं आणि मला पुढचंही दिसत होतं. मी नाही म्हणाले तर याचा मक्ता मोडेल. कोलंबो पुन्हा बोलीवर येईल. पण मग ते मला मिळालं, तरी मलाही दोन जामीन लागतील, आणि त्यातला एक हाच असेल. दुसरा माणूसच उरलेला नाही. ज्याला मी आत्ता सगळ्यांसमोर नाही म्हणेन, त्याच्याचकडे मला दोन मिनिटांत हात पसरावा लागेल.

"हो म्हण," माझ्या आतलं कुणीतरी म्हणत होतं. "मलाक्कासुद्धा चांगलं शहर आहे."

"नाही," मी म्हणाले.

इंग्रजी तपासायची वेळच आली नाही. शब्द बाहेर पडलाही. खोली शांत झाली. डच लोकांना नाही या शब्दाचं काही वाटत नाही, ते मला नंतर समजलं. ते शांत झाले होते ते माझा आवाज ऐकून, कारण वर्गात तो बहुतेकांनी पहिल्यांदाच ऐकला होता.

"ओके," तो मुलगा म्हणाला. रागावला नव्हता. त्याच्या भुवया फक्त वर गेल्या होत्या. "का?"

"कारण मला कोलंबो हवंय."

"ते माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे," तो म्हणाला आणि लोक हसले. "पण इतकं का?"

मी टेबलाकडे बघत बोलले. "माझे वडील माडावर चढतात. आत्ता. आजही चढले असतील. ते काढतात ती माडी त्यांना स्वतःला विकता येत नाही, लायसन दुसऱ्याचं आहे. मी जे तुम्हाला सांगत होते ते कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. पुस्तकांत मक्तेदार सापडतात. कंपनी सापडते. चढणारा कुणाच्या लिहिण्यात येत नाही, आला तर दंड झालेला म्हणून येतो. मला तो शोधायचा आहे. दुसऱ्याने शोधला तर मला आनंद होईल, पण मी त्याचे मसुदे वाचत बसू शकणार नाही. मला जमणार नाही ते. म्हणून नाही."

एवढं सलग मी त्या देशात कधीच बोलले नव्हते. मी वर बघितलं. बाईंच्या हातात डाव तसाच अधांतरी होता.

"हे तू आधी का नाही सांगितलंस?" तो मुलगा म्हणाला. "माडीचं फसफसणं सांगितलंस, ती सुकणारी पोय सांगितलीस, आणि हे नाही?"

"मला वाटलं, ते..." मी सुरुवात केली.

"जामीन दोन नाहीत," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम जुन्या काळातल्या लिलाववाल्यासारखा झाला. "मक्ता रद्द. कोलंबो पुन्हा बोलीवर! सरळ उतरती बोली."

आता तो मुलगा बाहेर. बोलू शकत होतो आम्ही दोघीच. मी टिलबर्गच्या बाईंकडे पाहिलं. त्यांच्या हाताशी राजम्यांची भरपूर रास होती आणि चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. गेल्या फेरीतही त्या गप्प बसल्या होत्या. अशीच माणसं शेवटी झडप घालतात, असं माझ्या मनात आलं. मी खुर्चीच्या कडेला सरकले.

"पन्ना..." बाई म्हणाल्या.

"मैन!!"

मी उभी राहिले होते. माझी खुर्ची मागे पडली होती. बाईंचा 'स' अजून तोंडातच होता. क्षणभर कुणाला काही कळलं नाही, आणि मग सगळा वर्ग असा हसायला लागला की शेजारच्या वर्गातून कुणीतरी दार उघडून बघून गेलं. मीही हसत होते. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते कशाचं ते मला ठाऊक नव्हतं.

टिलबर्गच्या बाई तर पोट धरून हसत होत्या. "अगं मुली, मला कोलंबो नकोच होतं! तू एका राजम्यात घेतलं असतंस. मला पारामारिबो हवंय, पहिल्या दिवसापासून."

"पण तुम्ही कधी सांगितलं नाही!"

"लिलावाआधी असलं कोण सांगतं?" त्या म्हणाल्या.

माझी मूठ रिकामी झाली. पन्नासही राजमे बाईंनी वाडग्यात ओतून घेतले, आणि शून्य राजमे म्हणजे पुढच्या मंगळवारी पहिलं सादरीकरण माझं, हे फळ्यावर लिहिलं गेलं. पण शहर अजून माझं झालेलं नव्हतं. "जामीन?" बाईंनी विचारलं आणि हसणं हळूहळू थांबलं.

टिलबर्गच्या बाईंनी हात वर केला. मग सगळे त्या मुलाकडे बघू लागले. मीही. विचारणं भाग होतं. मी शब्द जुळवत होते आणि या वेळी पुन्हा ते तपासत होते.

"मी तुला आत्ताच नाही म्हणाले," मी म्हणाले. "तुलाही नाही म्हणता येईल. मला वाईट वाटेल, पण ते बरोबर असेल. राहशील का जामीन?"

त्याने लगेच उत्तर दिलं नाही. ते मला आवडलं, म्हणजे तेव्हा नाही, आता आठवताना. तो खरंच विचार करत होता. पेन्सिलीने टेबलावर ठकठक करत होता.

"एका अटीवर," तो म्हणाला. "मसुदा वाचताना मला प्रश्न विचारता आले पाहिजेत. कितीही. आणि चढणाऱ्याबद्दल तुला पुस्तकात मिळालं नाही, तर तू घरी फोन करून विचारायचं. तुला माहीत आहे असं धरून चालायचं नाही."

"चालेल," मी म्हणाले.

"मग राहतो."

डाव टेबलावर आपटला. कोलंबोपुढे माझं नाव लिहिताना बाईंनी माझ्या आडनावाचं स्पेलिंग मला दोनदा विचारलं, आणि मी ते दोन्ही वेळा मोठ्याने, न अडखळता सांगितलं. त्यानंतर टिलबर्गच्या बाईंनी पारामारिबो दोन राजम्यांत घेतलं. मलाक्का त्या मुलाला अर्थातच एकात मिळालं, कारण दुसरं कुणी उरलंच नव्हतं. दोघांचीही मी जामीन झाले. मलाक्काबद्दल मला काहीच माहीत नव्हतं आणि त्यालाही नव्हतं.

तास संपला. सगळे आपापल्या सायकलींकडे गेले, पण आम्ही तिघं खालच्या कॅन्टीनमध्ये जाऊन बसलो, कारण माझ्या जामिनाला धीर नव्हता. त्याने ब्रेडचा डबा बाजूला सरकवला आणि कागद पुढे ओढला.

"पहिला प्रश्न," तो म्हणाला. "सकाळची माडी आणि संध्याकाळची माडी, मक्तेदार एकाच भावाने घेतो का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला माहीत नाही. आयुष्यभर मी ती मडकी जाताना बघितली होती, आणि हे मला माहीत नव्हतं. घरी अजून जाग असेल, असा मी हिशोब केला. टिलबर्गच्या बाईंनी त्यांची ट्रेन सोडून दिली आणि खुर्ची जवळ ओढली. मी फोन टेबलाच्या मधोमध ठेवला, स्पीकर चालू केला, आणि रिंग जायला लागली तेव्हा आम्ही तिघंही पुढे वाकलो होतो.